तीर्थस्नान : श्रद्धा आणि सावधानता

बोरघाट उतरून शिळफाटा येथे पोहोचणारे अनेक भाविक आमच्या कार्यालयात प्रथम एकच गोष्ट विचारतात, ''दर्शनापूर्वी स्नान करावयाचे आहे, नदीवर कोठे उतरावे?'' तीर्थस्नानाची ही ओढ आपल्या परंपरेतूनच आलेली आहे व ती आदरणीय आहे. तथापि या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देणे अवघड असते. भाविकांनी स्वतः विचार करून निर्णय घ्यावा, यासाठी काही आवश्यक माहिती येथे देत आहोत.

खोपोलीतून वाहणाऱ्या पाताळगंगेचे एक वैशिष्ट्य बाहेरगावच्या पाहुण्यांस ठाऊक नसते. १९१५ साली खोपोली येथे टाटांचे जलविद्युत केंद्र सुरू झाले. घाटमाथ्यावरील लोणावळा, वळवण आदी तलावांचे पाणी मोठ्या नळांतून सुमारे ५०० मीटर खाली आणले जाते आणि वीज निर्माण झाल्यावर ते नदीच्या पात्रात सोडले जाते. कर्जत तालुक्यातील भिवपुरीच्या केंद्राचे पाणी १९२२ पासून याच रीतीने उल्हास नदीस मिळते. विजेची मागणी वाढली की अधिक पाणी येते, घटली की कमी होते. म्हणून आकाश निरभ्र असताना, भर उन्हाळ्यातही केंद्राच्या खालच्या पात्रातील पाणी थोड्या वेळात चढू शकते. घोट्याएवढ्या पाण्यातून पलीकडच्या खडकावर गेलेल्या माणसास परतताना तीच वाट मिळेल, असा भरवसा धरता येत नाही.

पावसाळ्यात धोका वेगळ्या स्वरूपाचा असतो. पाऊस घाटमाथ्यावर कोसळतो आणि पायथ्याशी ऊन असते, तरीही ओढे फुगतात. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागील धबधब्यात एकाच कुटुंबातील ५ जण वाहून गेले, हे सर्वांस स्मरत असेल. खोपोलीच्या झेनिथ धबधब्यालाही हाच नियम लागू आहे. पाणी एकाएकी गढूळ होणे, पालापाचोळा व काटक्या वाहून येणे, वरून येणारा आवाज वाढणे, ही लोंढा येत असल्याची चिन्हे आहेत. ती दिसताच चपला, कपडे, पूजासाहित्य यांचा मोह सोडून तत्काळ उंच जागी जावे.

अनेकांचा समज असतो की संथ पाणी म्हणजे सुरक्षित पाणी. नदीचा डोह वरून शांत दिसतो. परंतु त्याची खोली, तळाचा गाळ आणि शेवाळलेले खडक दिसत नाहीत. पालीचे दर्शन घेऊन पुढे अलिबाग, मुरूड वा हरिहरेश्वर येथे जाणाऱ्यांनी समुद्राबाबतही हेच ध्यानी ठेवावे. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीस आलेले १४ विद्यार्थी बुडाले. तो काही पावसाळा नव्हता. हरिहरेश्वर येथील खडकाळ प्रदक्षिणामार्गावर भरतीच्या वेळी जाऊ नये. भरती-ओहोटीची वेळ स्थानिकांस विचारावी. आडोशाच्या किनाऱ्यावर लाटा कमी असतात हे खरे, पण तेथील पाणी लवकर बदलत नाही. त्यामुळे नाल्यातून आलेली घाणही तेथेच अधिक काळ राहते.

येथून पाण्याच्या शुद्धतेचा विषय येतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषानुसार नदीस्नानाच्या पाण्यात प्रतिलिटर किमान ५ मिलिग्रॅम विरघळलेला प्राणवायू असावा, जैविक प्राणवायूची मागणी ३ मिलिग्रॅमहून अधिक नसावी आणि १०० मिलिलिटरमध्ये एकूण कोलीफॉर्म जिवाणूंची संख्या ५०० च्या आत असावी. यांपैकी एकही गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. नितळ पाणी रोगजंतूंनी युक्त असू शकते. जोरदार पावसानंतर रस्ते, गोठे, गटारे यांची घाण नदीत उतरते. पायास जखम असताना अशा पाण्यात उतरल्यास लेप्टोस्पायरोसिससारखा आजार होण्याचा संभव असतो. निर्माल्य पाण्यात कुजते तेव्हा तेथील प्राणवायू खर्ची पडतो व मासे मरतात. देवास वाहिलेले फूल नदीस अपायकारक ठरावे, हे आपल्यापैकी कोणास रुचेल?

भाविकांनी पुढील नियम कृपया पाळावेत.

१. स्थानिक माणसास विचारल्याशिवाय पाण्यात उतरू नये. मनाईचा फलक असेल तेथे मुळीच उतरू नये.

२. काठावर बसून तांब्याने स्नान करावे. मुले व वृद्ध यांस एकटे सोडू नये.

३. उपवासाने थकवा आला असता अथवा मद्यपान केले असता पाण्यात जाऊ नये.

४. नदीचे पाणी तीर्थ म्हणून प्राशन करू नये. साबण व शाम्पू वापरू नये. निर्माल्य कलशातच टाकावे.

५. कोणी बुडत असल्यास पोहण्याचे व बचावाचे शिक्षण नसलेल्याने उडी घेऊ नये. दोरी, काठी, साडी वा रिकामा बंद डबा त्याच्याकडे टाकावा, आरडाओरडा करावा व ११२ किंवा १०८ या क्रमांकावर कळवावे. बाहेर काढलेल्या व्यक्तीचे पोट दाबण्यात वेळ दवडू नये. श्वास बंद असल्यास जाणकाराने त्वरित कृत्रिम श्वासोच्छ्वास व छातीवर दाब देण्यास आरंभ करावा.

नदीवर जाता आले नाही म्हणून यात्रा अपुरी राहिली, असे कोणी मनात आणू नये. साध्या पाण्याच्या कलशात सप्तनद्यांचे आवाहन करून स्नान करण्याची रीत आपल्याकडे पूर्वापार आहे. नळाखाली श्रद्धेने केलेले स्नानही स्नानच होय.

दानशूर भाविकांसही एक विनंती. घाट बांधण्यासाठी देणगी देण्याची इच्छा अनेकजण व्यक्त करतात. पाषाणाचा घाट डोळ्यांत भरतो व त्यावर दात्याचे नाव कोरता येते. परंतु काठावरील दोरखंड, तरंगती कडी, सूचनाफलक, स्त्रियांसाठी स्नानगृह, निर्माल्यकलश आणि एखाद्या तरुणास दिलेले जीवरक्षणाचे शिक्षण, यांचेही पुण्य तितकेच मोठे आहे. त्यांवर नाव कोरले जाणार नाही कदाचित; पण त्यामुळे एखादे मूल सुखरूप घरी परतेल.

आपण सहकुटुंब आलात, तसेच सहकुटुंब परत जावे, हीच श्रींच्या चरणी प्रार्थना.