ताटे वेगळी, पंगत एक : वृद्धाश्रमातील सहजीवनाचा विचार

'वृद्धाश्रम' हा शब्द कानी पडला की आपल्या मनात एक ठरावीक चित्र उभे राहते. कृतघ्न मुलगा, कजाग सून आणि दाराकडे डोळे लावून बसलेली आई. वक्तृत्व स्पर्धांतून आणि निबंधांतून हे चित्र इतक्या वेळा रंगविले गेले आहे की त्यापलीकडे विचार करण्याजोगे काही असेल, अशी शंकाही येत नाही. वि. वा. शिरवाडकरांचे 'नटसम्राट' १९७० साली रंगभूमीवर आले, तेव्हापासून तर घराबाहेर पडलेला वृद्ध हा मराठी मनाचा हळवा कोपराच होऊन बसला आहे. ही हळहळ खोटी नाही. परंतु हळहळीने एक प्रश्न सुटत नाही. जो माणूस आज वृद्धाश्रमात राहतो आहे, त्याचा उद्याचा दिवस कसा जावा? प्रस्तुत लेखात मुलांच्या कर्तव्याचा नव्हे, तर या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. तोही आपल्या छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) शहराच्या संदर्भात; कारण येथे एका छपराखाली येणारी माणसे एकाच भाषेची, एकाच धर्माची वा एकाच जातीची असण्याचा संभव कमी.

थोडी पूर्वपीठिका

निराधार वृद्धांना आसरा देण्याची कल्पना आपल्याकडे अगदी नवी नाही. आपल्या शहरातील पाणचक्कीवर दर्ग्यातील फकीर व यात्रेकरूंसाठी धान्य दळले जाई. मात्र वृद्धांसाठी स्वतंत्र संस्था ही एकोणिसाव्या शतकातील गोष्ट. फ्रान्समध्ये १८३९ साली झान जुगाँ या सामान्य स्त्रीने एका अंध वृद्धेला घरी आणून स्वतःचे अंथरूण दिले. त्यातून वृद्धांची सेवा करणाऱ्या भगिनींचा एक संघ उभा राहिला आणि १८८२ साली त्यांचे काम कलकत्त्यास पोहोचले. पुण्यात याच शतकात बगदादहून आलेले ज्यू व्यापारी डेव्हिड ससून यांच्या नावाने अनाथ व पंगू लोकांसाठी गृह निघाले. 'निवारा' या नावाने ते आजही पुणेकरांना परिचित आहे. बगदादच्या ज्यूचे दान आणि त्याचा आधार घेणारी पुण्याची माणसे, हा योग मुद्दाम ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

महाराष्ट्र शासनाने १९६३ पासून स्वयंसेवी संस्थांमार्फत वृद्धाश्रमांची योजना राबविली. प्रवेशासाठी पुरुषांना साठ व स्त्रियांना पंचावन्न वर्षांची अट होती. १९९५ साली 'मातोश्री वृद्धाश्रम' योजना आली. तीत काही जागा सशुल्क व काही निर्धनांसाठी निःशुल्क ठेवण्याची कल्पना होती. आपल्याकडे पैठण रस्त्यावर मातोश्री वृद्धाश्रम आहे. पुढे २००७ सालच्या केंद्रीय कायद्याने आईवडिलांना मुलांकडून निर्वाह मागण्याचा हक्क उपविभागीय स्तरावरील न्यायाधिकरणापुढे मिळाला. त्याच कायद्याच्या एकोणिसाव्या कलमात प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निर्धन वृद्धांची सोय होईल अशा आश्रमांचा विचार केलेला आहे. २०११ च्या जनगणनेत देशात साठीपुढील माणसे १० कोटींहून अधिक होती. महाराष्ट्रात तर दर दहा माणसांमागे सुमारे एक साठी ओलांडलेला होता. तेव्हा हा प्रश्न चार कृतघ्न मुलांचा राहिलेला नाही, हे उघड आहे.

आपल्या शहराचे वेगळेपण

आज नव्वदीला पोहोचलेला मराठवाड्यातील माणूस निजामाच्या राज्यात जन्मला. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थानातील ती राजवट संपली, तेव्हा तो शाळेत जाणारा मुलगा होता. त्याच्या शाळेची भाषा बहुधा उर्दू होती. म्हणून या पिढीत घरी शुद्ध मराठी बोलणारे, पण उर्दू सफाईने वाचणारे हिंदू गृहस्थ भेटतात, आणि उर्दूबरोबर ग्रामीण मराठी सहज बोलणारे मुसलमान शेतकरीही. पंच्याहत्तरी ओलांडलेल्या कित्येक स्त्रियांनी १९७२ च्या दुष्काळात खडी फोडली आहे. त्यानंतरचा थर चिकलठाणा आणि वाळूजच्या कारखान्यांत राबलेल्या कामगारांचा. तो विदर्भातून, खानदेशातून, उत्तर प्रदेश व बिहारमधून आलेला. या कामगारांचे हात आता थकू लागले आहेत. खाजगी नोकरीतील निवृत्तिवेतन योजनेत २०१४ साली किमान रक्कम ठरली ती महिना एक हजार रुपये. श्रावणबाळ योजनेतून पात्र वृद्धांना मिळणारी रक्कम २०२३ साली वाढली, तीही दीड हजारच. एवढ्या रकमेत खोलीभाडे, औषध आणि दोन वेळचे जेवण कसे बसावे? म्हणजे उद्याच्या वृद्धाश्रमात भाषा, धर्म, जात आणि प्रांत या चारही बाबतींत मिश्र वस्ती राहणार, हे गृहीत धरूनच चालले पाहिजे.

एक अनुभव

येथे एक अनुभव सांगितल्यावाचून राहवत नाही. आमच्या गल्लीत एक निवृत्त मास्तर राहत. पत्नी वारल्यावर ते आपखुशीने परगावच्या एका वृद्धाश्रमात गेले. आश्रम स्वच्छ होता. जेवण वेळेवर मिळे, डॉक्टर आठवड्याला येत. मी प्रथम भेटावयास गेलो, तेव्हा त्यांनी माझ्याजवळ एकच गोष्ट मागितली : उर्दू वर्तमानपत्र. "शिळं असलं तरी चालेल रे," ते म्हणाले. साठ वर्षे सकाळच्या चहाबरोबर त्यांनी उर्दू वर्तमानपत्र वाचले होते. आश्रमात मराठीची दोन वर्तमानपत्रे येत, आणि मास्तरांचे नाव पाहून त्यांना आणखी कशाची गरज असेल, असे कुणाच्या स्वप्नातही आले नाही. प्रवेशाच्या अर्जात वय, आजार, वारसाचा पत्ता, सारे काही विचारले होते; 'आपण काय वाचता?' हे मात्र विचारले नव्हते.

यात कुणाचा दुष्टावा नव्हता, आणि म्हणूनच ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. माणसाचे आडनाव पाहून त्याच्या गरजा ठरविणे आणि सर्वांना एकसारखे वागविणे, या दोन्ही मार्गांनी माणूस हातचा निसटतो.

समता आणि एकसारखेपणा

सर्वांना एकच ताट, एकच प्रार्थना, एकच वेळापत्रक म्हणजे समता, असा आपला समज असतो. वास्तविक यात ज्यांची संख्या अधिक, त्यांच्या सवयींना नियमाचे रूप मिळते, एवढेच. जन्मभर ज्वारीची भाकरी खाल्लेल्या आजीला दोन्ही वेळा पोळी वाढली तर ती तक्रार करणार नाही. अर्धी पोळी पानात टाकून उठेल. रमजानचा रोजा धरणाऱ्या वृद्धाला पहाटेची सहरी हवी, तर जैन आजींना सूर्यास्तापूर्वी जेवण. कुणाची एकादशी असते, कुणाला १४ एप्रिलला पांढरे लुगडे नेसून मिरवणूक पाहावयाची असते, तर कुणाला नाताळच्या सकाळी चर्चला जावयाचे असते. यांपैकी एकही मागणी खर्चिक नाही. हवी ती केवळ चौकशी.

हाकेचेही तसेच आहे. आयुष्यभर शाळेत 'बाई' म्हणवून घेतलेल्या मुख्याध्यापिकेला सरसकट 'आजी' म्हटले की तिची सारी कमाई एका शब्दात पुसली जाते. कुणी 'खाला' असते, कुणी 'अप्पा', कुणी 'चाचा'. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांत तर नंतर शिकलेली भाषा आधी विरते आणि बालपणीची भाषा मागे उरते, असे पुष्कळदा आढळते. अशा वेळी दख्खनी बोलणारी एक परिचारिका औषधाइतकीच मोलाची ठरते.

परंतु येथे एक अवघड प्रश्न उभा राहतो. सर्वांच्या सवयी सांभाळावयाच्या, तर एखाद्याने 'अमक्या जातीच्या माणसाशेजारी मी जेवणार नाही' असे म्हटल्यास तीही सवयच मानावयाची काय? ही शंका काल्पनिक नाही. आज नव्वदीत असलेल्या माणसांचे बालपण १९५५ च्या अस्पृश्यता गुन्हा कायद्याच्या आधीचे आहे. वेगळी विहीर, वेगळा पेला त्यांनी पाहिला आहे. कुणी तो वेगळा ठेवला, तर कुणी त्यातून पाणी प्याले. माणूस नोकरीतून निवृत्त होतो, जातीतून नव्हे. ही दोन्ही माणसे आयुष्याच्या शेवटी एका भोजनगृहात समोरासमोर येतात, तेव्हा व्यवस्थापनाने गप्प बसणे म्हणजे जुन्याच व्यवस्थेची बाजू घेणे होय.

माझ्या मते येथे रेघ स्पष्ट आहे : भेद ताटात चालेल, पंगतीत चालणार नाही. मी काय खातो, हा माझा प्रश्न आहे. माझ्या शेजारी कोण बसतो, कोण वाढतो, कोण पाणी देतो, हा नाही. पहिल्यात माणसाचा मान आहे, दुसऱ्यात दुसऱ्याचा अपमान. आश्रमाच्या नियमावलीत हे पहिल्याच पानावर लिहिलेले असावे आणि प्रवेशाच्या वेळी वाचून दाखविले जावे. ज्या रस्त्यावर आपला मातोश्री वृद्धाश्रम आहे, तोच पुढे एकनाथांच्या पैठणास जातो. 'हिंदु-तुर्क संवाद' लिहिणाऱ्या नाथांच्या वाटेवर हा नियम परका वाटण्याचे कारण नाही.

सुधारणा म्हणजे काय?

सुधारणा म्हटले की नवी इमारत आणि कोनशिला डोळ्यांपुढे येते. परंतु अमेरिकेतील एक प्रसिद्ध अभ्यास वेगळेच सांगतो. एलेन लँगर व ज्युडिथ रोडिन या मानसशास्त्रज्ञ स्त्रियांनी १९७६ साली तो प्रसिद्ध केला. एका शुश्रूषागृहातील एका मजल्यावरील वृद्धांना सांगण्यात आले की, आपली खोली कशी लावावी, वेळ कसा घालवावा, हे तुम्हीच ठरवा. त्यांना एकेक रोपटे निवडावयास दिले व त्याची निगा त्यांच्यावरच सोपविली. दुसऱ्या मजल्यावरील वृद्धांना सांगितले की, तुमची सर्व काळजी आम्ही घेऊ. रोपटी त्यांनाही मिळाली, पण पाणी परिचारिका घालीत. तीन आठवड्यांनी पाहिले, तेव्हा पहिल्या मजल्यावरील वृद्ध अधिक तरतरीत व आनंदी होते आणि कार्यक्रमांत अधिक भाग घेत होते. आपल्या अंगणातील तुळशीला स्वतः पाणी घालणाऱ्या आजीला हे सिद्ध करून दाखविण्याची गरज नव्हती. व्यवस्थापकांना मात्र आहे.

या दृष्टीने पुढील सुधारणा अल्प खर्चात होण्यासारख्या आहेत.

१. प्रवेश-अर्जात आजारांबरोबर माणसाचीही नोंद असावी : बोली, वाचन, आवडते अन्न, उपास, उपासना, पूर्वीचा व्यवसाय आणि कोणत्या नावाने हाक मारावी.

२. शौचालयात धरावयास दांडी, न घसरणारी फरशी, कमोड आणि रात्रीचा मंद दिवा असावा. म्हातारपणी एक पडणे पुष्कळदा कायमचे अंथरूण ठरते.

३. रहिवाशांची स्वतःची समिती असावी. तीत स्त्रिया, अल्पसंख्य समाजातील रहिवासी आणि निःशुल्क राहणारे यांना जागा हवीच. आठवड्याचे जेवण या समितीने ठरवावे. पैसे भरणारा आणि न भरणारा, असे दोन वर्ग एका छपराखाली पडू देऊ नयेत.

४. अंत्यविधीविषयी प्रत्येकाची इच्छा वेळीच लिहून घ्यावी. दहन की दफन, त्रिशरण-पंचशील की प्रार्थना, कुणाला कळवावे, हे माणूस गेल्यावर धावपळीत ठरवावयाचे नसते.

५. आजारी पडल्यावर नव्हे, तर नियमित तपासणी व्हावी. आपल्या घाटी रुग्णालयात वार्धक्यशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे. त्याचा लाभ घेता येईल.

६. सेवा करणाऱ्या मावशी व परिचारक यांना पुरेसे वेतन व प्रशिक्षण मिळावे. अपुऱ्या वेतनावर बारा तास राबणाऱ्या बाईकडून गोड शब्दाची अपेक्षा करणे हा दुहेरी अन्याय आहे.

आपण काय करावे?

आपल्या महाविद्यालयातून दरवर्षी विद्यार्थी वृद्धाश्रमात जातात, फळे वाटतात आणि छायाचित्र काढून परततात. केळे घेऊन छायाचित्रासाठी हसणारा वृद्ध आपल्याला काय देऊ शकतो, हे आपण विचारीत नाही. ज्याने निजामाची राजवट पाहिली, दुष्काळात खडी फोडली, वाळूजच्या पहिल्या पाळीत यंत्र चालविले, तो मराठवाड्याच्या इतिहासाचा चालता ग्रंथ आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी त्यांच्या आठवणी लिहून घ्याव्यात. मराठीच्या विद्यार्थ्यांनी त्यांच्या बोलीतील शब्द टिपावेत. उर्दूच्या विद्यार्थ्यांनी आठवड्यातून एक तास वर्तमानपत्र वाचून दाखवावे. वर्षातून एकदा शंभर जणांनी जाण्यापेक्षा वर्षभर एकाच माणसाकडे एकाने जावे.

मास्तरांसाठी मी पुढे दर रविवारी आठवड्याची उर्दू वर्तमानपत्रे बांधून नेऊ लागलो. तिसऱ्या-चौथ्या रविवारी गेलो, तर शेजारच्या खोलीतील, मोतीबिंदूने दृष्टी मंदावलेले एक चाचा त्यांच्या खाटेवर बसलेले आणि मास्तर त्यांना बातम्या वाचून दाखवीत आहेत. दोघे सहा महिने भिंतीला भिंत लागून राहत होते. तोवर कुणीच कुणाला काही विचारले नव्हते.