धूरमार्गाच्या घडीव विटा

प्रश्न : उष्णता साठविणाऱ्या चुलीच्या धूरमार्गासाठी वळणाच्या विटा गावातच पाडता येतील काय? (एक वाचक, दवनीवाडा)

उत्तर : अवश्य येतील. स्वीडनमध्ये १७६७ साली क्रोनस्टेट व व्रेडे यांनी सिद्ध केलेल्या नागमोडी धूरमार्गात धूर बाहेर पडण्यापूर्वी आपली उष्णता विटांच्या स्वाधीन करतो. म्हणून वळणावरची वीट आतून गोलाईची असावी आणि मार्ग कोठेही आकुंचित होऊ नये. तुमच्याकडे धानाचे तूस विपुल असले, तरी ते या विटांच्या मातीत मुळीच मिसळू नये, कारण ते जळून उरलेली छिद्रे उष्णतेचा साठा घटवितात. त्याऐवजी भाजक्या विटांचा चुरा घालावा. माती किती आकसते हे पाहण्यासाठी ओल्या नमुन्यावर १० सेंटिमीटरची रेघ ओढावी, आणि भाजल्यावर ती ९ भरल्यास साचा त्याच प्रमाणात मोठा करावा. काजळी काढण्याची तजवीज म्हणून प्रत्येक वळणाशी एक सुटी वीट ठेवावी.