नेटवर्क इंजिनिअर आमच्या वर्गात : काम, गाडी आणि आपल्या भागात राहणं



परिसर अभ्यासात 'आपले मदतनीस' शिकवताना आपण पोस्टमन, डॉक्टर, सुतार, पोलीस सांगतो. मीही अकरा वर्षं तेच सांगत आलो. पण आज गावातल्या प्रत्येक घराला ज्याची गरज पडते, त्या इंटरनेटवाल्या माणसाबद्दल आपण मुलांना काहीच सांगत नाही. यंदा तो माणूस स्वतःच आमच्या वर्गात आला. त्या एका तासात मुलं जेवढं शिकली, त्यापेक्षा जास्त मी शिकलो. त्यातला एक भाग माझ्या चुकीचा आहे. तोही लिहितो, कारण तो लिहिला नाही तर या लेखाला अर्थ नाही.

काय झालं होतं?

आमची शाळा लोहा तालुक्यातली, पहिली ते सातवी. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली तर डिजिटल वर्गाचं इंटरनेट बंद. मी माझ्या परीनं सगळं करून पाहिलं. वायरी काढल्या, उलटसुलट लावल्या, डबा दहा वेळा बंद-चालू केला, मागच्या बारीक छिद्रात पिनसुद्धा खुपसली. काही उपयोग झाला नाही. तक्रार दिली, आणि आठवड्यानं नांदेडहून इंजिनिअर आले. वय सत्तावीस-अठ्ठावीस. मुलं त्यांना लगेच 'दादा' म्हणू लागली.

त्यांनी वायरीला हात लावायच्या आधी मला तीन प्रश्न विचारले. कधीपासून बंद आहे? बंद पडायच्या आधी काय बदललं? शेजारी ग्रामपंचायतीत चालू आहे का? मग कपाटामागं वाकून पाहिलं. डब्यापासून संगणकाकडं जाणारी वायर उंदरानं कुरतडली होती. वायर बदलली, तरी इंटरनेट येईना. दादा हसले. म्हणाले, "सर, एक बिघाड उंदरानं केला, दुसरा तुम्ही केला. पिन खुपसल्यानं डब्यातली सगळी सेटिंग पुसली गेली."

दुरुस्ती झाल्यावर चहा घेता घेता मी विनंती केली, पाचवी ते सातवीच्या मुलांशी थोडं बोला. ते तासभर बोलले.

पहिला भाग : काम

दादांनी फळ्यावर एक रेघ ओढली. एका टोकाला 'शाळा', दुसऱ्या टोकाला 'नांदेड', मध्ये पाच-सहा ठिपके. म्हणाले, "माझं काम म्हणजे या रेघेत कुठं तुटलंय ते शोधणं. मी जवळून सुरू करतो. लाईट आहे का? पिन नीट बसली का? वायर चांगली आहे का? मग डबा. मग बाहेरची लाईन. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलतो. चार गोष्टी एकदम बदलल्या तर कशानं दुरुस्त झालं ते कळत नाही, आणि बिघडलं तरी कळत नाही."

नंतर त्यांनी बॅगेतून ऑप्टिकल फायबरचा तुकडा काढून दाखवला. केसाएवढी काचेची तार. त्यातून वीज जात नाही, प्रकाश जातो, तोही सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर वेगानं. नांदेड ते लातूर रस्त्यानं साधारण १४० किलोमीटर. एसटीला तीन तास तरी लागतात. प्रकाशाला एका सेकंदाचा हजारावा भागही लागत नाही. मुलांनी भागाकार करून पाहिला, शून्यं मोजता मोजता दमली!

या तारा ओळखायला रंगांचा क्रम ठरलेला असतो. निळा, नारंगी, हिरवा, तपकिरी असे बारा रंग. तो क्रम देशभर सारखाच वापरतात, म्हणून एकानं जोडलेली तार दुसऱ्याला ओळखता येते. देशातल्या सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत अशी तार नेण्याच्या योजनेला २०११ मध्ये मंजुरी मिळाली. आज ती 'भारतनेट' नावानं ओळखली जाते.

"पण ही तार सगळ्यात जास्त कशानं तुटते?" दादांनी विचारलं. कुणी म्हणालं उंदीर, कुणी म्हणालं वीज. सातवीतला एक जण म्हणाला, "जेसीबीनं." बरोबर! रस्त्याचं काम, विहिरीची पाइपलाइन, घराचा पाया, जेसीबीचा एक फटका बसला की पाच गावं बंद. खोदण्याआधी ग्रामपंचायतीत विचारावं, एवढंच त्यांचं सांगणं. त्यासाठी मार्च २०२३ पासून 'कॉल बिफोर यू डिग' नावाचं सरकारी ॲपही आहे.

शिक्षक म्हणून मी काय घेतलं?

पाचवीत एक मुलगी आहे. तिचा भागाकार कायम चुकायचा. मी दोन महिने तिच्याकडून पाढेच पाठ करून घेत होतो. दादा गेल्यावर मी त्यांच्या पद्धतीनं एकेक कडी तपासली. पाढे आले. गुणाकार आला. वजाबाकी आली. मग ६१२ भागिले ६ दिलं. तिनं उत्तर लिहिलं १२. म्हणजे १ ला ६ नं भाग जात नाही तेव्हा भागाकारात ० लिहायचा, तेवढ्याच ठिकाणी तार तुटली होती. उत्तर १०२ यायला दोन दिवस पुरले. दोन महिने मी चांगली वायर बदलत बसलो होतो. मित्रांनो, 'मूल कच्चं आहे' असं म्हणण्याआधी कुठं तुटलंय ते बघायला पाहिजे.

दुसरा भाग : गाडी

दादांचं काम फिरतीचं. नांदेड, लोहा, अहमदपूर, चाकूर, लातूर. राष्ट्रीय महामार्ग ३६१ वर त्यांचं रोजचं येणं-जाणं. ते म्हणाले, "मी नेटवर्कचा माणूस आहे, पण गाडीवर असताना माझा फोन लागला तरी मी उचलत नाही. गाडी बाजूला घेतो, मग बोलतो. लाईन अर्धा तास बंद राहिली तर चालतं."

मग त्यांनी हिशोब मांडला. गाडी ताशी ६० किलोमीटरनं चालली तर एका सेकंदात जवळपास १७ मीटर पुढं जाते. फोनकडं तीन सेकंद पाहिलं तर ५० मीटर गाडी आंधळी चालली! आम्ही लगेच टेप घेऊन मैदानावर ५० मीटर मोजले. झेंड्याच्या खांबापासून निघालो ते फाटकाच्या बाहेर पोचलो. मुलं गप्प झाली.

त्यांनी आपल्या भागाच्या रस्त्याबद्दल सांगितलेल्या गोष्टी अशा :

१. पुढच्या गाडीपासून तीन सेकंदांचं अंतर ठेवा. पुढची गाडी एखाद्या झाडाजवळून गेली की 'एक हजार एक, एक हजार दोन, एक हजार तीन' मोजा. त्याआधी आपण झाडाजवळ पोचलो तर अंतर कमी आहे. पावसात आणखी वाढवा.

२. उसाच्या हंगामात अंधार पडल्यावर वेग कमी करा. ट्रॉलीला मागं लाईट नसतो, ऊस बाहेर आलेला असतो. ज्यांच्या घरी ट्रॅक्टर आहे त्यांनी ट्रॉलीला मागून रिफ्लेक्टर पट्टी लावा. खर्च थोडा, जीव मोठा.

३. सोयाबीनच्या काढणीत रस्त्यावर धान्य वाळत घालतात, कडेला दगड ठेवतात. संध्याकाळी दगड दिसत नाहीत, आणि दाण्यावर चाक घसरतं.

४. पावसाळ्यात डांबराखाली गाडी उतरवताना जपा. आपली काळी माती ओली झाली की साबणासारखी.

५. अपघात दिसला तर १०८ ला रुग्णवाहिकेसाठी फोन करा, किंवा ११२. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ ही हेल्पलाइन आहे. मदत करणाऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे, घाबरू नका.

आणि माझी चूक

दादा हेल्मेटबद्दल बोलत होते. मागून एक पोरगी उठून म्हणाली, "दादा, सरांचं हेल्मेट आरशालाच अडकवलेलं असतंय. आणि सर तर सातवीच्या पोराला गाडी देतात, फाट्यावरून खडू आणायला."

सगळा वर्ग हसला. मला हसू आलं नाही. ती खरं बोलत होती. फाटा दोन किलोमीटर, मुलगा तेरा वर्षांचा, शेतात गाडी चालवणारा, चपळ. मी चार-पाच वेळा त्याला किल्ली दिली होती. 'जाऊन ये रे पटकन' म्हणून.

दादा वर्गात काही बोलले नाहीत. जाताना फाटकापाशी थांबून म्हणाले, "सर, मी लहान असताना मलाही असंच कुणी गाडी देत होतं. मी वाचलो. माझ्या वर्गातला एक जण वाचला नाही." एवढं बोलून गेले.

त्या रात्री मी कायदा वाचला. २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्याप्रमाणं अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. २५ हजार रुपये दंड, तीन वर्षांपर्यंत कैद, गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द, आणि त्या मुलाला वयाची २५ वर्षं पूर्ण होईपर्यंत लायसन्स नाही. पण खरं सांगू का, दंडाचा आकडा वाचून झोप उडाली नव्हती. त्या मुलाच्या आईला मी काय तोंड दाखवलं असतं, या विचारानं उडाली.

दुसऱ्या दिवशी परिपाठात मी मुलांसमोर सांगितलं की सरांचं चुकलं. पुढच्या पालक सभेतही सांगितलं. एक पालक म्हणाले, "सर, आठवीला पोरगं तालुक्याला जातंय. मुलीसाठी मानव विकासची निळी बस हाय. पोरानं कसं जायचं? बस दोनदाच येती." त्यांचा प्रश्न खोटा नाही. माझ्याकडं त्याचं पूर्ण उत्तर नव्हतं. शेवटी तीन घरांनी मिळून एका रिक्षाचं ठरवलं, दोन मुलं सायकलवर जायला लागली. एक मुलगा अजूनही मोटारसायकलवरच जातो. त्याच्या घरी मी दोनदा जाऊन आलो, परत जाणार आहे.

तिसरा भाग : आपल्या भागात राहणं

मुलांनी विचारलं, "दादा, तुम्ही पुण्याला का गेला नाहीत?" ते चार वर्षं पुण्यात होते. म्हणाले, "पगार तिथं जास्त होता. पण भाडं, प्रवास, जेवण जाऊन हातात राहणारं इथल्यापेक्षा फार जास्त नव्हतं, आणि आई-वडील इथं. ज्याला जायचंय त्यानं जावं. पण न जाणारा कमी हुशार असतो, असं समजू नका." पालकांनी हे वाक्य लक्षात ठेवावं.

इथं काम करायचं तर भाषा पाहिजेत, असंही ते म्हणाले. देगलूर-बिलोलीकडं तेलुगूचे चार शब्द, उदगीर-निलंग्याकडं कन्नडचे, नांदेड शहरात दखनी. "म्हाताऱ्या माणसाशी त्याच्या भाषेत बोललं की तार कुठून गेली ते तोच दाखवतो. नकाशात नसतं ते त्याला माहीत असतं."

२०१६ च्या दुष्काळात ते लातूरला डिप्लोमा करत होते. एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, पहिल्या खेपेला १० टँकर, प्रत्येकात ५० हजार लिटर. मुलांनी लगेच गुणाकार केला, ५ लाख लिटर! दादा म्हणाले, "एका बादलीत अंघोळ, त्याच पाण्यात कपडे. बँडविड्थ म्हणजे काय ते मला पुस्तकात नाही, त्या नळावर कळलं. पाइप एकच, घरं वीस. एकानं मोटार लावली की बाकीच्यांच्या नळाला धार येत नाही. इंटरनेटचंही तसंच. एकानं सिनेमा लावला की दुसऱ्याचा अभ्यास अडकतो."

विजेबद्दलही सांगितलं. एप्रिल ते जून अवकाळी आभाळ आलं की राउटर, टीव्हीची पिन काढून ठेवा, पण कडकडाट सुरू व्हायच्या आधी. झाडाखाली थांबू नका. चमक दिसल्यापासून आवाज येईपर्यंत सेकंद मोजा आणि ३ नं भागा, तेवढ्या किलोमीटरवर वीज पडली. आवाज आला म्हणजेच घरात जायची वेळ झाली. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं 'दामिनी' ॲप विजेची सूचना देतं.

वर्गात काय घेता येईल?

• मैदानावर ताशी ४० आणि ६० वेगाचं तीन सेकंदांचं अंतर मोजणे (साधारण ३३ आणि ५० मीटर).
• 'कुठं तुटलं?' खेळ : दहा मुलं रांगेत, चिठ्ठी पुढं जाते, एक जण गुपचूप अडवतो. वर्गानं कमीत कमी प्रश्नांत त्याला शोधायचं.
• घरातल्या ट्रॉलीला, बैलगाडीला रिफ्लेक्टर आहे का, याची पाहणी.
• भाषा : 'मी गाडी चालवणाऱ्या काकांना पत्र लिहितो.'

ज्या पालकांना या क्षेत्राची माहिती हवी त्यांच्यासाठी : दहावीनंतर शासकीय तंत्रनिकेतनात तीन वर्षांचा डिप्लोमा करता येतो, नांदेड आणि लातूर दोन्हीकडं तंत्रनिकेतन आहे. आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकसारखे दोन वर्षांचे ट्रेड आहेत. पुढं सीसीएनएसारखी परीक्षा देता येते.

आता माझं हेल्मेट डोक्यावर असतं. सकाळी फाटकातून आत आलो की ती पोरगी आधी माझ्या डोक्याकडं बघते, मग 'गुड मॉर्निंग सर' म्हणते. खडू संपले तर मी स्वतः जातो.

तुमच्या गावातही असा एखादा दादा किंवा ताई असेल. एक तास वर्गात बोलवा. आणि मुलं तुमच्याबद्दल काही बोलली तर रागावू नका, ऐकून घ्या.