आवृत्ती बदलण्याआधी डिस्क बघा

डेटाबेस सर्व्हरची आवृत्ती बदलायची म्हटली की नव्या आवृत्तीत काय आलंय, आपलं सॉफ्टवेअर तिच्यावर चालेल का, याची चौकशी सगळे करतात. डेटा नेमका कोणत्या डिस्कवर, कोणत्या डिरेक्टरीत आहे, हे मात्र काम अर्ध्यात अडकल्यावर शोधलं जातं. पोस्टग्रेस सांभाळताना मी पाहिलेली बरीचशी अपग्रेड याच ठिकाणी फसली. म्हणून एक अनुभव सविस्तर सांगते.

एका पतसंस्थेचा सर्व्हर डेबियनवर, पोस्टग्रेस 13 वापरून चालत होता. या आवृत्तीला मिळणाऱ्या दुरुस्त्या नोव्हेंबर 2025 मध्ये थांबल्या, त्यामुळे 17 वर जायचं ठरलं. काही वर्षांपूर्वी डेटा वाढला तेव्हा मोठी डिस्क आणून ती थेट ‘13/मेन’ या डेटा डिरेक्टरीवरच माउंट केलेली होती. रोजच्या कामात त्याने काहीच अडत नव्हतं. 17 चं पॅकेज बसलं आणि त्याने रीतीप्रमाणे शेजारी ‘17/मेन’ तयार केली. पण मोठी डिस्क फक्त ‘13/मेन’पुरती असल्यामुळे ही नवी डिरेक्टरी पडली लहानशा सिस्टिम डिस्कवर. पीजी_अपग्रेड नेहमीच्या कॉपी पद्धतीने सुरू झालं, सिस्टिम डिस्क काठोकाठ भरली, लॉग लिहायलाही जागा उरली नाही आणि त्याच मशीनवरच्या इतर सेवा एकेक करून बंद पडल्या.

मी पोहोचले तेव्हा 13 चा डेटा सुखरूप होता, कारण कॉपी पद्धत जुन्या फाइलींना हात लावत नाही. तिथल्या अ‍ॅडमिनने विचारलं, “मॅडम, लिंक पद्धत लावू या का? तिला जागाच लागत नाही.” सूचना रास्त होती. लिंक पद्धतीत टेबलांच्या फाइलींची नक्कल होत नाही, त्याच फाइलीला नव्या डिरेक्टरीत दुसरं नाव मिळतं. मात्र हार्ड लिंक एका फाइलसिस्टिमची हद्द ओलांडत नाही. इथे जुनी डिरेक्टरी एका डिस्कवर, नवी दुसऱ्या डिस्कवर. तो मार्गही बंद होता.

मग आधी मांडणी सुधारली. अर्धवट तयार झालेला 17 काढून टाकला, 13 नीट बंद केला आणि मोठी डिस्क अनमाउंट केली. तीच डिस्क वरच्या, सगळ्या आवृत्त्या जिच्यात मावतात त्या डिरेक्टरीवर माउंट केली आणि बूटच्या वेळची नोंदही तशी बदलली. डिस्कवर ‘13/मेन’ तयार करून सगळ्या फाइली तिच्यात हलवल्या. डिस्क तीच असल्यामुळे हे हलवणं म्हणजे केवळ नावं बदलणं, ते लगेच झालं. मालकी पोस्टग्रेस या यूजरकडे आणि परवानग्या 700 आहेत ना, हे पाहिलं. 13 सुरू करून व्यवहार तपासले. पूर्ण बॅकअप दुसऱ्या मशीनवर उतरवून पाहिला. त्यानंतरच 17 नव्याने तयार करून आधी ‘चेक’ आणि मग ‘लिंक’ असं पीजी_अपग्रेड चालवलं.

लिंक पद्धतीची एक अट कायम लक्षात ठेवा. सातबाऱ्यावर दुसरं नाव चढलं तरी जमीन एकच असते, तसं इथे फाइल एकच असते. नवा सर्व्हर एकदा सुरू झाला की जुना सुरक्षितपणे सुरू करता येत नाही. परतीचा रस्ता फक्त बॅकअपचा, म्हणून तो आधी चाचणी केलेला हवा.

टेबलस्पेस असतील तर त्यांची यादी आधी काढा. प्रत्येक टेबलस्पेसमध्ये आवृत्तीच्या नावाची वेगळी डिरेक्टरी तयार होते. कॉपी पद्धत वापरणार असाल तर त्या डिस्कवरही जवळपास दुप्पट जागा लागते. टेबलस्पेस जुन्या डेटा डिरेक्टरीच्या आतच असेल तर पीजी_अपग्रेड जुना डेटा पुसण्याची स्क्रिप्ट तयार करत नाही. तो इशारा समजा. घाईने जुनी डिरेक्टरी उडवलीत तर नव्या आवृत्तीची टेबलंही तिच्याबरोबर जातील.

पीजी_वॉल ही डिरेक्टरी वेगवान डिस्कवर नेऊन सिमलिंक केली असेल, तर ती सोय नव्या क्लस्टरमध्ये आपोआप येत नाही. इनिटडीबी करतानाच तिची जागा सांगावी लागते. नाहीतर एरर एकही येत नाही, फक्त सर्व्हर मंदावतो, आणि कारण शोधण्यात दिवस जातात.

18 वर जाणाऱ्यांसाठी आणखी दोन गोष्टी. इनिटडीबी आता डेटा चेकसम आपणहून चालू करतं. जुन्या क्लस्टरमध्ये ते बंद असतील तर पीजी_अपग्रेड पुढे जात नाही, दोन्हीकडे सारखी स्थिती ठेवावी लागते. डॉकर वापरत असाल तर 18 पासून अधिकृत इमेजमध्ये व्हॉल्यूमची जागा ‘डेटा’ डिरेक्टरीवरून एक पायरी वर गेली आहे, आणि आत आवृत्तीप्रमाणे डिरेक्टरी असते. जुनी कंपोझ फाइल जशीच्या तशी चालवू नका.

ऑपरेटिंग सिस्टिमही त्याच रात्री बदलायचा मोह टाळा. तिच्याबरोबर जीलिबसी ही सिस्टिम लायब्ररीही बदलते, आणि 2018 च्या जीलिबसी 2.28 मध्ये अक्षरांचा क्रम लावण्याचे नियम बदलले. डिस्कवरचे मजकुराचे इंडेक्स जुन्या क्रमाने लावलेले राहतात आणि मग असलेली नोंदही शोधात सापडत नाही. अशी हद्द ओलांडलीत तर ते इंडेक्स पुन्हा बांधल्याशिवाय सर्व्हर लोकांसाठी खुला करू नका.

डेटाबेस सांभाळणाऱ्या प्रत्येकाला माझी कळकळीची विनंती आहे. अपग्रेडची तारीख ठरवण्याआधी माउंट, सिमलिंक, टेबलस्पेस आणि प्रत्येक डिस्कवरची मोकळी जागा एका कागदावर उतरवा. डिस्क डेटा डिरेक्टरीवरच माउंट केलेली दिसली, तर ते आधी दुरुस्त करा आणि मगच तारीख ठरवा.