चिनी भाषेचें पहिलें पुस्तक

आमच्या शाळेचा एक माजी विद्यार्थी गेल्या पावसाळ्यांत मजकडे आला. वैद्यकीच्या शिक्षणासाठीं चीन देशांत जाण्याचें त्याच्या मनांत होतें. तेथें परदेशी विद्यार्थ्यांस इंग्रजींतून शिकवितात असें त्यास कळलें होतें. परंतु पुढें रुग्णालयांत काम करूं लागल्यावर खाटेवरचा रोगी इंग्रजी बोलणार नाहीं, हेंहि त्यानें ओळखलें होतें. "सर, जाण्यास अजून दहा महिने आहेत. तोंवर घरच्या घरीं शिकेन म्हणतों. कोणतें पुस्तक घेऊं?" त्याच्या हातांतल्या कागदावर तीन पुस्तकांचीं नांवें होतीं, आणि तिन्ही घेण्याची ऐपत घरीं नव्हती. त्याला जें सांगितलें तेंच येथें थोड्या विस्तारानें लिहितों, कारण हा प्रश्न विचारणारा तो शेवटचा विद्यार्थी नव्हे.

सोलापूरचे डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस १९३८ सालीं चार सहकारी डॉक्टरांसह मुंबईहून चीनला गेले. पुढें ते चिनी भाषेंतूनच वैद्यकीच्या विद्यार्थ्यांस शिकवूं लागले, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजीं, वयाला अवघीं बत्तीस वर्षें झालीं असतांना, त्याच देशांत त्यांचें देहावसान झालें. परंतु त्यांच्याभोंवतीं रात्रंदिवस चिनी बोलणारीं माणसें होतीं. बंगाल्यांतील श्रीरामपूर येथील मिशनरी जोशुआ मार्शमन यांनीं चीन देश कधीं पाहिला नाहीं, तरी १८१४ सालीं चिनी व्याकरण छापून प्रसिद्ध केलें. (त्यांचेच सहकारी विल्यम कॅरे यांचें मराठी व्याकरण तेथूनच १८०५ सालीं निघालें होतें.) त्यांच्याजवळ मकाव येथून आलेला लासार नांवाचा आर्मेनियन शिक्षक होता. आमच्या विद्यार्थ्याजवळ इगतपुरींत ना सोबती ना शिक्षक. ज्याला पुस्तक हाच गुरु, त्यानें तो पारखून घेतला पाहिजे.

पारख न केल्यास काय होतें, तें मीं स्वतः भोगलें आहे. पुष्कळ वर्षांपूर्वीं मीं मुंबईस रस्त्याकडेच्या जुन्या पुस्तकांतून एक चिनी शिक्षक-पुस्तक स्वस्तांत आणलें व वर्षभर मनोभावें पाठ केलें. पुस्तक विद्वानाचें होतें. पण त्याला आवाज नव्हता. सुरांच्या खुणा डोळ्यांनीं पाहिल्या, कानांनीं कधीं ऐकल्या नाहींत. येथल्या धम्मगिरीवर विपश्यनेसाठीं देशोदेशींचे लोक येतात, हें वाचकांस ठाऊक आहेच. शिबिर संपवून निघालेल्या तैवानच्या एक बाई स्टेशनावर गाडीची वाट पाहत बसल्या होत्या. मीं धीर करून, 'मी पुस्तकें विकत घेतों' अशा अर्थाचें चिनी वाक्य म्हटलें. बाईंनीं अदबीनें इंग्रजींत विचारलें, "आपलें दुकान कोठें आहे?" चिनी भाषेंत 'माइ' हा शब्द एका सुरांत म्हटला तर विकत घेणें आणि दुसऱ्या सुरांत म्हटला तर विकणें. मीं वर्षभर स्वतःला दुकानदार करून ठेवलें होतें.

मराठींतहि आपण सूर वापरतों. 'आलास' हा शब्द वर चढवून म्हटला कीं प्रश्न होतो, खालीं उतरविला कीं साधें विधान. पण तो सूर वाक्याचा. शब्दाचा अर्थ त्यानें पालटत नाहीं. चिनींत सूर शब्दाच्याच अंगीं असतो. मुख्य सूर चार, शिवाय एक हलका. म्हणून ज्या पुस्तकाबरोबर मूळ चिनी माणसांच्या आवाजाचें ध्वनिमुद्रण नाहीं, तें कितीहि नामांकित असो, एकट्यानें शिकणाऱ्यानें पहिलें पुस्तक म्हणून घेऊं नये.

दुसरी गोष्ट वर्णांची, आणि येथें मराठी मुलास मोठी अनुकूलता आहे. आजचीं पुस्तकें चिनी उच्चार रोमन अक्षरांत दाखवितात. ही पद्धति चीनमध्यें १९५८ सालीं मान्य झाली व तीस आपण 'पिनयिन' म्हणतों. वास्तविक त्या शब्दाचा उच्चार 'फिन्-यिन्' च्या जवळ जातो, आणि फ देखील ओठ मिटून, फळांतला. या पद्धतींत 'बी' हें अक्षर आपला ब नव्हे, तो प आहे. आणि 'पी' हा फ आहे. तसेंच 'डी' व 'टी' म्हणजे त व थ, 'जी' व 'के' म्हणजे क व ख. अल्पप्राण आणि महाप्राण हा भेद इंग्रज वाचकाच्या कानास सहसा निराळा भासत नाहीं, म्हणून त्याच्यासाठीं लिहिलेलें पुस्तक ब-प, ड-ट असे दाखले देऊन वेळ निभावतें. आपण ते दाखले घेतले कीं बिघडलों. ज्या नगरीस आपण बीजिंग म्हणतों तिचें नांव तेथील माणूस 'पेइचिंग' असें कांहींसें उच्चारतो.

तीच गोष्ट च ची. मराठींत 'चोर' आणि 'चहा' यांतला च एक नव्हे, हें पहिल्या इयत्तेंतील मुलासहि न शिकवितां येतें. हिंदी बोलणाऱ्यास तें मुद्दाम शिकावें लागतें. चिनींत हे दोन्ही च आहेत, आणि जीभ ट च्या जागीं वळवून म्हटलेला तिसरा आहे. प्रत्येकाचें महाप्राण रूप निराळें. स, श आणि ष हे तिन्ही तेथें जिवंत आहेत. आपण मात्र ष चा उच्चार श सारखाच करूं लागलों. (चहा हा शब्दहि मूळचा चिनीच!) म्हणून माझा नियम असा कीं, पुस्तकांतील इंग्रजी दाखल्यांवर कागद चिकटवावा, आवाज ऐकावा, आणि जवळचा वर्ण देवनागरींत समासांत लिहावा.

जुन्या पुस्तकांविषयीं न्यायानें बोललें पाहिजे. पूर्वींच्या वेड-पद्धतींत प साठीं 'पी' व फ साठीं 'पी' वर एक लहान स्वल्पचिन्ह असे. आपल्या वर्णमालेस ती अधिक जवळची होती. परंतु छापणारे तें चिन्ह गाळीत, आणि मग प व फ एकच होऊन बसत. आज नवे कोश, भ्रमणध्वनीवरील चिनी लेखन, चीनमधील रस्त्यांच्या पाट्या, सारें पिनयिनमध्यें चालतें. तेव्हां जुनी पद्धति आवडली तरी सोडून द्यावी.

आतां हेतूविषयीं. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयांतील प्राध्यापक पु. वि. बापट यांनीं पाली 'विसुद्धिमग्ग' आणि चिनी अनुवादांत उरलेला 'विमुत्तिमग्ग' यांची तुलना करून १९३७ सालीं ग्रंथ प्रसिद्ध केला. सातव्या शतकांत आपल्या देशीं आलेल्या ह्युएनत्संग यानें महाराष्ट्राचें नांव 'मो-हो-ला-छा' अशा चार चिनी अक्षरांत लिहून ठेविलें. असले ग्रंथ ज्यास वाचावयाचे, त्यास प्राचीन चिनीचें निराळें पुस्तक लागेल. आमच्या विद्यार्थ्यास मात्र "कोठें दुखतें?" एवढें विचारावयाचें होतें व त्याचें उत्तर समजावयाचें होतें.

त्याच्या कागदावरील पहिलें पुस्तक डीफ्रान्सिस यांचें 'बिगिनिंग चायनीज'. तें १९४६ सालीं निघालें व १९६३ सालीं पिनयिनमध्यें सुधारलें गेलें. वाक्यें घोटवून घेण्यांत त्याचा हात धरणारें पुस्तक थोडें. परंतु चिनी अक्षरें त्यांत नाहींत, त्यांसाठीं निराळा भाग घ्यावा लागतो, आणि त्यांतलें जग फार जुनें झालें. दुसरें, 'एच. एस. के. स्टँडर्ड कोर्स', २०१४ सालापासूनचें. पहिल्या भागांत पंधरा पाठ व दीडशें शब्द, परीक्षेस उत्तम. परंतु तें वर्गासाठीं आहे. स्पष्टीकरण शिक्षक करील असें धरून तें त्रोटक ठेविलें आहे. शिवाय २०२१ सालीं जाहीर झालेल्या नव्या मानकांत पहिल्याच पायरीस पांचशें शब्द धरले आहेत, म्हणून परीक्षेचें पुस्तक परीक्षा जवळ आल्यावर, नवी आवृत्ति पाहून घेतलेलें बरें. तिसरें 'न्यू प्रॅक्टिकल चायनीज रीडर', २००२ सालापासूनचें. तेंहि वर्गासाठींच, पण त्याचे पहिले सहा पाठ उच्चारांवर भर देतात आणि व्याकरण उलगडून सांगतात. मीं त्याला हेंच घ्यावयास सांगितलें.

"यांत क्रियापदांचे तक्ते कोठें आहेत?" असें त्यानें विचारलें. संस्कृत शिकलेल्यांस हा प्रश्न सुचतोच. चिनी क्रियापद पुरुष, वचन वा लिंग यांप्रमाणें बदलत नाहीं; शब्दांचा क्रम सांभाळावा लागतो. तक्त्यांनीं भरलेलें चिनी पुस्तक दिसल्यास तें खुशाल खालीं ठेवावें. मात्र मोजतांना वस्तूप्रमाणें निराळा शब्द घालावा लागतो, जसें आपण 'तीन जण' किंवा 'पांच नग' म्हणतों.

पुस्तक इंग्रजी असलें तरी अर्थ मराठींत लिहावे, असा माझा आग्रह आहे. इंग्रजी पुस्तक 'अंकल' या एका शब्दांत सारे नातेवाईक गुंडाळतें. चिनींत वडिलांचा थोरला भाऊ 'पोपो', धाकटा 'षूषू', आईचा भाऊ 'च्यूच्यू', वडिलांची बहीण 'कूकू'. आपल्या वहींत 'काका, मामा, आत्या' लिहिलें कीं काम झालें. काकांपुढें थोरला-धाकटा एवढें जोडावें. 'वुई' या इंग्रजी शब्दानें 'आपण' कीं 'आम्ही' हें कळत नाहीं. उत्तर चीनच्या बोलींत ऐकणाऱ्यास धरून 'चान्मेन' म्हणतात, तें सरळ आपलें 'आपण' आहे.

अक्षरांविषयीं थोडेंच. चीनमध्यें १९५६ पासून सोपीं केलेलीं अक्षरें चालतात, तैवान व हाँगकाँग येथें जुनीं. घोड्याचें जुनें अक्षर दहा रेघांचें, नवें तीन रेघांचें. ज्या देशीं जावयाचें तेथलींच शिकावीं, व हातानें लिहून शिकावीं.

विद्यार्थ्यानें पुस्तक मागविलें. दर रविवारीं उपासनेनंतर तो मजकडे येतो, आणि आम्ही दोघे एकेक पाठ ऐकतों. सध्यां नववा चालूं आहे. 'माइ' च्या दोन सुरांत त्याची आतां चूक होत नाहीं. माझी अजून होते.