लोणच्याची बरणी

शहागंजच्या घड्याळ टॉवरपासून चार पावलांवर माझं घर. मुलांच्या आयसीयूत नर्स म्हणून निम्मं आयुष्य गेलं. रक्तात बुरशी झालेली मुलं मोजकीच पाहिली, पण सगळ्यात जास्त त्यांनीच शिकवलं.

१. तापाची वाट पाहू नका. एका कमी दिवसांच्या बाळाला ताप आलाच नाही. दूध पचेना, प्लेटलेट रोज घसरत होत्या. अँटिबायोटिकनं जीवाणू मेले आणि मोकळ्या रानात आतड्यातली कँडिडा ही बुरशी माजली.

२. रक्ताचं कल्चर निगेटिव्ह आलं म्हणून निर्धास्त होऊ नका. कँडिडा जवळजवळ निम्म्या वेळा हुकते. इवल्याशा हातातून मिलीभर रक्त काढताना जीव कासावीस होतो, पण बाटलीत रक्त कमी पडलं तर हुकण्याची शक्यता आणखी वाढते.

३. बुरशीचं पूर्ण नाव विचारा. कँडिडाच्या क्रुसेई जातीवर फ्लुकोनाझोल हे औषध चालत नाही, ऑरिस जातीवरही बहुधा नाही. ही ऑरिस २००९ साली जपानमध्ये एका रुग्णाच्या कानात सापडली. प्रयोगशाळेतली काही मशिन तिला चुकून हिमुलोनी ही दुसरीच जात म्हणतात.

४. अँफोटेरिसिन हे बुरशीवरचं औषध डेक्स्ट्रोजमध्येच कालवा. सलाइनमध्ये त्याचा गाळ बनतो. ते चालू असताना पोटॅशियम आणि क्रिएटिनिनवर डोळा ठेवा.

५. मूल हसायला लागलं म्हणून औषध थांबत नाही. साधारणपणे पहिल्या स्वच्छ कल्चरपासून १४ दिवस मोजायचे. डोळ्यांचा पडदाही तपासून घ्यायचा.

६. आपले हात बघा. चंदीगडच्या पीजीआयमध्ये १९९६ ते १९९८ दरम्यान पिकिया अनोमाला या दुर्मीळ बुरशीनं ३७९ बाळांना आणि मुलांना गाठलं. ती कर्मचाऱ्यांच्या हातांवरही सापडली. हे वाचलं त्या दिवशी ड्यूटीवर मी नेहमीपेक्षा दुप्पट वेळ हात धूत होते.

७. आईला आधी मोकळं करा. आमच्याच गल्लीतली एक आई घाबरून म्हणाली, "खून में फफूंद? दीदी, मेरे दूध से हुआ क्या?" मी तिला लोणच्याच्या बरणीची गोष्ट सांगितली. ओला चमचा एकदाच बुडतो आणि आठवड्यानं बुरा दिसतो. बाळाच्या मानेतल्या शिरेत घातलेली नळी, सेंट्रल लाइन, म्हणजे बरणीचं तोंड. दिवसातून कितीदा तरी ते उघडतं, औषधासाठी, रक्तासाठी.

"और चमचा?" तिनं विचारलं.

चमचा आमच्या हातात होता, हे मी तिला सांगितलं. सोपं नव्हतं. पण त्या रात्री ती पहिल्यांदा जेवली.