फाशी मागणाऱ्यांची जबाबदारी

(धम्म-अभ्यास : पहिल्या शीलाचा विचार)

प्राणिहिंसेपासून अलिप्त राहण्याचे शील आपण प्रत्येक वंदनेच्या वेळी ग्रहण करतो. बुद्धविहारात ते उच्चारताना कोणालाच अडचण वाटत नाही. परंतु एखाद्या भयंकर गुन्ह्याची बातमी आली, की तेच शील घेतलेले आपण चौकात उभे राहून ‘फाशी द्या’ म्हणतो. अशा वेळी आपल्या शीलाचे काय होते? ते फक्त विहाराच्या उंबऱ्यापर्यंतच असते काय? हा प्रश्न धम्मबांधवांनी शांतपणे अभ्यासावा, म्हणून हा पाठ.

१. कोल्हापूरचा खटला

उदाहरण दूरचे नको. अंजनाबाई गावित आणि तिच्या दोन मुली, रेणुका शिंदे व सीमा गावित, यांचा खटला कोल्हापूरकर विसरलेले नाहीत. १९९० ते १९९६ या काळात या मायलेकींनी पश्चिम महाराष्ट्रातील निरनिराळ्या गावांतून लहान मुले पळवली. गर्दीत चोरी करायची, पकडले गेल्यास कडेवरचे मूल पुढे करून लोकांची दया मिळवायची, आणि मूल अडचणीचे झाले की त्याचा जीव घ्यायचा, अशी ही रीत होती. १९९६ साली त्या पकडल्या गेल्या. रेणुकेचा नवरा माफीचा साक्षीदार झाला. अंजनाबाई खटला संपण्यापूर्वीच कोठडीत मरण पावली. २००१ साली कोल्हापूरच्या सत्र न्यायालयाने दोघी बहिणींना फाशी सुनावली. २००४ साली मुंबई उच्च न्यायालयाने आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. २०१४ साली राष्ट्रपतींनी दयेचा अर्ज फेटाळला.

पुढे १८ जानेवारी २०२२ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ही फाशी रद्द करून जन्मठेप दिली. गुन्हा लहान आहे असे न्यायालयाने म्हटले नाही. दयेच्या अर्जाचा निर्णय होण्यास जवळजवळ आठ वर्षे लागली, आणि तो विलंब सरकारी यंत्रणेच्या बेपर्वाईमुळे झाला, हे त्याचे कारण होते. आम्हाला आता सोडून द्या, ही बहिणींची मागणी न्यायालयाने मान्य केली नाही. तरीही अनेकांच्या तोंडी वाक्य आले ते एकच : ‘सुटल्या!’

ज्या आईचे मूल गेले, तिच्या दुःखापुढे कोणीही पांडित्य करू नये. तिने फाशी मागितली तर तिला शील शिकवायला जाणे हा निर्दयपणा ठरेल. प्रश्न तिचा नाही. ज्यांचे मूल गेलेले नाही, ज्यांनी खटल्याचा एक कागद वाचलेला नाही, आणि तरीही जे सर्वांत मोठ्या आवाजात मृत्यू मागतात, त्यांचा म्हणजे आपला प्रश्न आहे.

२. धम्म शिक्षेच्या विरोधात आहे काय?

नाही. हे प्रथम स्पष्ट केले पाहिजे. अहिंसा म्हणजे गुन्हेगाराला मोकळे सोडणे, असा अर्थ भगवान बुद्धांनी कधीच सांगितला नाही. ‘बुद्ध की कार्ल मार्क्स’ या निबंधात परमपूज्य बाबासाहेबांनी वैशालीच्या सेनापतीने तथागतांना विचारलेला प्रश्न दिला आहे. त्याच्या उत्तराचा आशय असा, की अपराध्याला शिक्षा झालीच पाहिजे आणि निरपराध्याचे रक्षण झालेच पाहिजे. न्यायाधीश शिक्षा देतो तेव्हा दोष त्याचा नसतो, शिक्षेचे मूळ अपराध्याच्या कृत्यात असते.

मग देहदंडही योग्यच, असे कोणी म्हणेल. येथे बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात केलेला भेद उपयोगी पडतो. अहिंसा हा नियम नसून तत्त्व आहे, असे ते सांगतात. नियम माणसाला बांधतो. तत्त्व त्याला विचार करायला लावते. जीव घेण्याची गरज आणि जीव घेण्याची इच्छा या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. हातात शस्त्र घेऊन मुलावर धावून येणाऱ्याला थोपवताना त्याचा जीव गेला, तर तेथे गरज होती. परंतु जो माणूस पकडला गेला, निःशस्त्र झाला, उंच भिंतीआड बंद झाला, त्याला अनेक वर्षांनी पहाटे उठवून मारण्यात गरज कोणती? या दोघी बहिणी १९९६ पासून २०२२ पर्यंत गजाआडच होत्या. समाजाचे रक्षण त्या भिंतींनी केले होते. तेव्हा दोराची मागणी गरजेतून निघते की इच्छेतून, हे प्रत्येकाने स्वतःच्या मनाला विचारावे.

स्वतः बाबासाहेबांनी याचे उत्तर दिले होते. ३ जून १९४९ रोजी संविधान सभेत, फाशीच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयाकडे अपील असावे काय, यावर चर्चा चालू होती. त्या वेळी त्यांनी सांगितले, की फाशीची शिक्षाच रद्द करणे आपल्याला अधिक पसंत पडेल. या देशातील लोक अहिंसा आचरणात आणत नसतील, परंतु नैतिक आदेश म्हणून ते तिला मानतात, तेव्हा या देशाने देहदंड पूर्णपणे काढून टाकणेच योग्य, असा त्यांचा युक्तिवाद होता.

३. अंगुलिमाल : बदल आणि जबाबदारी

मज्झिम निकायातील अंगुलिमालाची कथा आपण सर्व जाणतो. परंतु ती बहुधा अर्धीच सांगितली जाते. दरोडेखोर भिक्खू झाला, पसेनदी राजा घोडेस्वार घेऊन त्याला पकडायला आला आणि त्याला भिक्खूच्या वेषात पाहून परत गेला, येथे आपण थांबतो. पुढचा भाग तितकाच महत्त्वाचा आहे. अंगुलिमाल भिक्षेला गेला असता त्याच्यावर दगड-काठ्या पडल्या. डोके फुटून, पात्र मोडून, चीवर फाटून तो परतला. तथागतांनी त्याला सांगितले, की हे सहन कर, हे तुझ्याच कर्माचे फळ आहे. विनयपिटकात असेही आहे, की लोकांनी तक्रार केल्यावर कुख्यात चोराला संघात प्रव्रज्या देऊ नये, असा नियम तथागतांनी केला.

याचा अर्थ काय? माणूस बदलू शकतो, हे धम्माचे पहिले म्हणणे. बदलला म्हणून त्याची जबाबदारी पुसली जात नाही, हे दुसरे. ही जबाबदारी पेलायला माणूस जिवंत असावा लागतो. फाशी त्याच्याकडून जबाबदारी घेत नाही, उलट तिच्यातून त्याला कायमचा मोकळा करते.

‘मागच्या जन्मीचे पाप’, ‘रक्तच तसले’, ‘जातच तशी’ हीसुद्धा जबाबदारी टाळण्याचीच वाक्ये आहेत. ज्याचे कर्म जन्माने ठरले, त्याला जबाबदार तरी कसे धरणार? जन्माने माणूस ठरतो, हे तर ज्या धर्माचा आपण १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास त्याग केला, त्याचे शिक्षण होय.

४. शब्दाचीही जबाबदारी असते

विनयपिटकात हत्येविषयीच्या पाराजिक नियमाखाली एक प्रसंग दिला आहे. एक भिक्खू वधस्थानी गेला. तेथे तो वध करणाऱ्याला म्हणाला, की याला छळू नकोस, एकाच घावात संपव. त्याने तसे केले. भिक्खूच्या मनात कदाचित दयाच असेल. तरीही तथागतांनी त्याला पाराजिक ठरवले, म्हणजे तो संघातून कायमचा बाहेर गेला. त्याने शस्त्राला हात लावला नव्हता, राजाज्ञाही त्याची नव्हती. त्याने फक्त एक वाक्य उच्चारले होते.

हा नियम भिक्खूंसाठी आहे, उपासकांना तो जसाच्या तसा लागू नाही. पण त्यातील तत्त्व सर्वांना लागू आहे. ज्याच्या शब्दाने मृत्यू घडतो, तो त्या मृत्यूचा भागीदार असतो. दोर ओढणारा शिपाई, सही करणारा अधिकारी आणि मोर्चातील घोषणा यांची साखळी एकच आहे.

५. राज्याची जबाबदारी

दीघ निकायातील चक्कवत्ति सीहनाद सुत्तात एका राज्याचा ऱ्हास वर्णिला आहे. राजाने गरिबांना धन दिले नाही, म्हणून दारिद्र्य वाढले. दारिद्र्यातून चोरी वाढली. राजाने चोरांची डोकी उडवण्यास सुरुवात केली, तेव्हा लोकांनीही शस्त्रे केली आणि लुटताना माणसे मारू लागले. राज्याने दिलेला धडा प्रजा शिकली! कूटदंत सुत्तात याच्या उलट उपाय आहे : शेतकऱ्याला बियाणे द्या, व्यापाऱ्याला भांडवल द्या, नोकराला वेतन द्या, म्हणजे लुटारूंचा उपद्रव मिटेल.

कोल्हापूरला हे परके नाही. ज्या जमातींना इंग्रजी कायद्याने जन्मजात गुन्हेगार ठरवले होते, त्यांतील फासेपारध्यांना राजर्षी शाहू महाराजांनी जवळ केले, कामधंदा दिला. आपल्या संस्थानातील हजेरीची जाचक पद्धत त्यांनी १९१८ साली बंद केली. गुन्ह्याचे मूळ रक्तात शोधायचे नसते, पोटात आणि अपमानात शोधायचे असते, हे या राजाने ओळखले होते.

६. लोकांचे अज्ञान

अविद्या म्हणजे केवळ निरक्षरता नव्हे. शिकलेल्यांतही ती भरपूर असते. येथे तीन गैरसमज पाहू.

पहिला, ‘जन्मठेप म्हणजे १४ वर्षे.’ खरे असे, की जन्मठेप म्हणजे उरलेले आयुष्य. ज्या गुन्ह्याला फाशी होऊ शकते, त्यात किमान १४ वर्षे भोगल्याशिवाय सुटकेचा विचारही करता येत नाही, एवढाच त्या आकड्याचा अर्थ. त्यानंतर सुटका हा हक्क नसतो.

दुसरा, ‘फाशीची भीती गुन्हे थांबवते.’ जन्मठेपेपेक्षा फाशीचा धाक अधिक असतो याला पुरावा नाही, असे विधी आयोगाने २०१५ सालच्या अहवालात नमूद केले आणि दहशतवादाचे गुन्हे वगळता फाशी रद्द करण्याची शिफारस केली.

तिसरा, ‘न्यायालय चुकत नाही.’ नाशिक जिल्ह्यातील २००३ सालच्या एका हत्याकांडात भटक्या जमातीतील सहा जणांना सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली फाशी दिली. त्याच न्यायालयाने ५ मार्च २०१९ रोजी त्या सर्वांना निर्दोष सोडले आणि प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. तोवर तुरुंगात त्यांची सोळा वर्षे गेली होती. मध्येच फाशी अमलात आली असती, तर भरपाई कोणाला दिली असती? दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाने २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत फाशीच्या कैद्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश आर्थिकदृष्ट्या दुर्बळ आढळले, आणि जवळजवळ तितकेच मागास जाती-जमातींचे वा धार्मिक अल्पसंख्याक होते. दोर कोणाच्या गळ्यात पडतो, हे आपल्याला तरी कोणी सांगायला नको.

७. मग खैरलांजीचे काय?

हा सर्वांत कठीण प्रश्न आहे आणि तो टाळून चालणार नाही. २९ सप्टेंबर २००६ रोजी खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. २००८ साली भंडाऱ्याच्या न्यायालयाने सहा जणांना फाशी व दोघांना जन्मठेप दिली. २०१० साली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशीऐवजी २५ वर्षांची सक्तमजुरी ठरवली. आपला समाज संतापला, आणि तो संताप न्याय्य होता.

परंतु खरा अन्याय कोठे झाला, हे नीट पाहा. ज्या खालच्या न्यायालयाने फाशी दिली, त्यानेही अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू केला नाही. वरच्या न्यायालयानेही केला नाही. हत्येमागे जात नव्हे, सूडबुद्धी होती, असे मानले गेले. म्हणजे फाशी मिळाली तेव्हाही जातीचे नाव निघाले नव्हते! सहा दोर लटकले असते, तरी गावाच्या मनातील जात तशीच राहिली असती आणि देशाने समाधानाने हात झटकले असते. आपण मागायला हवे ते हे : वेळेवर नोंदवलेला गुन्हा, प्रामाणिक तपास, कायद्याचे योग्य कलम, साक्षीदारांना संरक्षण आणि न चुकता भोगावी लागणारी शिक्षा. ही मागणी फाशीच्या मागणीपेक्षा कठोर आहे, कारण तिच्यात सबंध व्यवस्था आरोपी म्हणून उभी राहते.

आपल्या शत्रूसाठीही जे तत्त्व टिकते, तेच तत्त्व. एरवी ती केवळ सोय असते.

चर्चेसाठी प्रश्न

१. जीव घेण्याची गरज आणि इच्छा यांतील फरक स्वतःच्या शब्दांत सांगा.
२. अंगुलिमालाने दगड सहन केले, यातून जबाबदारीविषयी काय शिकायला मिळते?
३. आपल्या गावी पुढचा मोर्चा निघेल तेव्हा फलकावर कोणती मागणी लिहाल?

भवतु सब्ब मंगलं. जयभीम!